झाकलेला रशिया

"पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेव," गुरुदत्तकाका म्हणाले आणि सिद्धेशच्या मिसळीवर आणखी पळीभर रस्सा ओतला. "तुझं काम मी फत्ते करून टाकलंय."

शनिवारची सकाळ होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा ऑगस्ट म्हणजे दार उघडलं की कोणीतरी तोंडावर ओला गरम टॉवेल टाकल्यासारखं वाटतं. पण काकांच्या गॅरेजला एसी होता. गाडी बाहेर उन्हात करपत उभी आणि काका आत थंडगार. कारण गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच, पुस्तकं होती. तीन भिंती भरून हेरकथा. काका एकाहत्तर साली अमेरिकेत आले, तेलाच्या कंपनीत आख्खी नोकरी केली, रिटायर झाले, आणि इतक्या वर्षांत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून उचललेल्या या पॉकेटबुकांमधून त्यांनी जग समजून घेतलं. एक अमेरिकेचा हेर, एक रशियाचा हेर, मधे एक बॉम्ब, एक बाई, आणि शेवटच्या पानावर बॉम्ब फुटत नाही. रशियाचा माणूस नेहमी खोटारडा. अमेरिकेचा माणूसही खोटारडाच, पण देखणा.

"कुठलं काम?" सिद्धेशनं विचारलं.

"तुझी ती बाई येऊन गेली ना परवा. बॅज दाखवला, बसली, प्रश्न सुरू."

सिद्धेशचा घास हातातच राहिला. मिसेस ब्रॅनम. त्याच्या क्लिअरन्सची चौकशी करणारी.

हे क्लिअरन्स प्रकरण आधी सांगायला पाहिजे. सिद्धेश एकोणतीस वर्षांचा. सहाव्या वर्षी नाशिकहून आईचं बोट धरून आला, इथंच वाढला, सिटिझन झाला. ह्यूस्टनच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर आहे. ते सेन्सर बनवतात. जगात कुठंही कोणी जमिनीखाली चोरून अणुबॉम्बची चाचणी केली, तर तिचा हादरा हजारो मैलांवरून पकडणारे. भूकंप वेगळा हलतो, बॉम्ब वेगळा हलतो, आणि तो फरक ओळखायचा. सिद्धेशला या कामाचं वेड होतं. त्यात आता दोन महासत्तांमधले जुने करार एकेक करून संपत चाललेले, दोन्हीकडचे पुढारी परत चाचण्यांची भाषा करायला लागलेले. कंपनीला सरकारी प्रोजेक्ट मिळाला. त्यावर बसायचं तर क्लिअरन्स हवा, गुप्त कामाची सरकारी परवानगी. म्हणजे सरकार तुमच्या आयुष्याची उलटतपासणी करणार. शेजारी, मित्र, बॉस, सगळ्यांना विचारणार.

सिद्धेशनं फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं. त्यात आजोबा. त्याच्या आईचे वडील, एकनाथ भालेराव, गेली काही वर्षं इथंच त्यांच्याकडे राहतात. ओझरच्या विमान कारखान्यात ते इंजिनिअर होते. तिथं रशियन विमानं बनायची. ट्रेनिंगसाठी एक अख्खा हिवाळा ते रशियात राहिले. रशियन बोलतात. गेन्नादी नावाचा तिथला एक फिटर अजून त्यांचा दोस्त आहे, नवीन वर्षाला त्याचा फोन येतो, आणि त्या फोनवर सिद्धेशही हॅलो म्हणतो. हे सगळं त्यानं लिहिलं. हॅलोसकट.

"मग काय म्हणाली ती?" सिद्धेशनं विचारलं.

"ती कशाला काय म्हणते. दगड होती नुसती. तुझ्या सुमेधाकाकूनं चहा विचारला, नाही. पाणी विचारलं, नाही. मी म्हटलं ही पक्की मुलीकडची."

"मुलीकडची म्हणजे?"

"अरे प्रश्न सगळे तेच. मुलगा पितो का. पैसे उधळतो का. घरात कोण कोण. बाहेर काही भानगड. चाळीस वर्षं मी हेच प्रश्न झेलतोय. फक्त आजपर्यंत पुण्याहून फोन यायचे, आता सरकारनं बाई पाठवली."

हे मात्र खरं होतं. ह्यूस्टनमधल्या कुठल्याही मराठी मुलाचं स्थळ आलं की तिकडचे लोक गुरुदत्तकाकांना फोन करत. मुलगा कसा आहे हो? आणि काका सांगत. त्यांचा नियम पक्का होता. चांगलं असेल ते मोठ्यानं सांगायचं, वाईट असेल ते काढायचंच नाही, आणि समोरच्यानं नेमकं तेच विचारलं तर सरळ झाकायचं. त्यांच्या शब्दावर बारा-पंधरा लग्नं जमली होती. त्यातली बरीचशी टिकलीही.

"काका. तुम्ही तिला काय सांगितलं?"

"म्हटलं मुलगा दारूच्या वासालाही उभा राहत नाही."

"गेल्या महिन्यात मी इथंच बसून बिअर प्यायलो. तुम्ही दिलीत."

"मग ते काय तिला सांगायचं?"

"मी फॉर्मवर लिहिलंय. वीकएंडला दोन बिअर."

"लिहिलंस?" काकांनी त्याच्याकडे असं बघितलं जसं पोरगं परीक्षेत स्वतःहून चुकीचं उत्तर लिहून आलंय. "कशाला पण? बरं असू दे. मुख्य काम मी केलं. तिनं एक्याचं विचारलं."

एक्या म्हणजे आजोबा. काका आणि आजोबा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे रूममेट. पन्नाससाठ वर्षांनी अमेरिकेत परत शेजारी झाले, तीन घरं सोडून.

"काय विचारलं?"

"पूर्वी काय करायचे. म्हटलं शाळेत गणित शिकवायचे. मग तिनं हळूच रशियाचं नाव काढलं. मी हसलोच. म्हटलं मॅडम, हा माणूस अमेरिकेला यायच्या आधी नाशिकच्या बाहेर गेला नव्हता. रशियन? त्याला हिंदी धड येत नाही. गप्प झाली. लिहून घेतलं सगळं." काकांनी फरसाणाचा डबा पुढे सरकवला. "रशियाचा डाग मी साफ धुऊन काढला, बाळा. आता घे पाव."

सिद्धेशनं वाटी खाली ठेवली.

"काका, ही सोयरीक नव्हती."

"सगळी सोयरीकच असते. समोरच्या पार्टीला सगळं सांगायचं नसतं."

"ती पार्टी नाहीये. सरकार आहे."

"सरकार म्हणजे सगळ्यात मोठी पार्टी."

"मी खरं लिहिलंय आणि तुम्ही खोटं सांगितलंय. तिला काय वाटणार? की आम्ही काहीतरी लपवतोय. आजोबा रशियात होते याचं त्यांना फारसं काही नाही, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लपवलं याचं आहे. या कामात लपवणं हाच गुन्हा असतो काका. माझं कामच ते आहे यार, कोणी जमिनीखाली खोटं बोललं तर पकडायचं."

'यार' त्याच्या तोंडून गेलं आणि काकांच्या कपाळावर आठी आली. एवढं बोललेल्यातलं त्यांना तेवढंच लागलं.

"मोठ्यांशी बोलतोयस."

"मोठ्यांनीच घोळ घातलाय. फोन करा तिला. कार्ड दिलं असेल ना? सांगा की मी चुकीचं बोललो."

"मी?"

"हो."

"एकाहत्तरपासून या देशात राहतोय. साधं स्पीडिंगचं तिकीट नाही मला. आणि आता या वयात फेडरल माणसाला फोन करून सांगू, मी खोटारडा आहे म्हणून? त्यासाठी इथं आत टाकतात, माहितेय?" काका उठले. "तू फॉर्म बदल. चुकून लिहिलं म्हणावं. तरुण आहेस, तुला माफ करतील."

सिद्धेश तिथं थांबला असता तर फार वाईट बोलला असता. अर्धी मिसळ हेरकथांच्या फडताळावर ठेवून तो बाहेर पडला, आणि तीन घरांचं अंतर चालताना त्याला कळेना की राग नक्की कोणाचा करायचा. काकांचा? बाईचा? पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी हातात पाना धरला, आणि त्याचा हिशोब मी द्यायचा? तोही दिला. खरा दिला. आणि एका मिसळ खाऊ घालणाऱ्या भल्या माणसानं त्याच्यावर बोळा फिरवला. प्रेमानं. राग येतो तो या प्रेमाचा येतो, कारण त्याला शिवीही देता येत नाही.

घरात शिरला तर समोरची भिंत मोकळी.

तिथं एक फोटो असायचा. विमानाच्या पंखाखाली जाड कोट घातलेली माणसं, सगळी गोरी, आणि मधोमध एक काळासावळा बारीक पोरगा, कानटोपी घातलेला, दात काढून हसणारा. आजोबा. त्यांच्या खांद्यावर हात टाकून गेन्नादी. आता तिथं नुसता खिळा होता आणि भिंतीवर एक स्वच्छ चौकोन.

"आई?"

मीनाक्षी, त्याची आई, किचनमधून आली. हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, बोलणं औषधाच्या डोसासारखं मोजून. "सुमेधाकाकूंचा फोन आला होता. मला सगळं कळलंय."

"फोटो कुठाय?"

"तात्पुरता काढलाय. मंगळवारी ती बाई तुझ्या इंटरव्ह्यूला इथं येणार ना."

"आई, मी त्या फोटोबद्दल लिहून दिलंय. फोटोतल्या माणसाचं नाव लिहून दिलंय."

"लिहिणं वेगळं आणि डोळ्यासमोर टांगणं वेगळं." तिनं हात पुसले. "हे बघ, मी विचार केलाय. ती विचारेल की शेजारी असं का म्हणाले. तर तू सांग, काका हल्ली विसरतात. वय झालंय, एकाचं दुसऱ्याला लावतात. बास. तू सुटलास, तेही सुटले. कुणाचं नुकसान नाही."

आणि खरं सांगायचं तर सिद्धेशला ते पटलं. क्षणभर अगदी पटलं. किती सोपं होतं. कोण जाऊन तपासणार? पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, विसरला. प्रोजेक्ट सुरू व्हायला थोडेच दिवस होते, त्याच्या जागेवर बसायला ऑफिसात माणसं टपली होती. एक छोटंसं वाक्य आणि सगळं सरळ.

मग त्याला कळलं की आपण पण तेच करतोय. झाकतोय. काकांनी आजोबांवर चादर टाकली, आता आपण काकांवर टाकायची.

"काय शिजतंय?" मागून आवाज आला. आजोबा हातात चहाचा कप घेऊन जिन्यापाशी उभे होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"काही नाही अण्णा," मीनाक्षी म्हणाली. "काच पुसायला फोटो काढलाय."

"काच पुसायला फोटो पिठाच्या पिशवीमागे ठेवतात काय गं? मघाशी लाडूचा डबा शोधताना सापडला मला. मी वाट बघत होतो, कोण काय सांगतंय."

तेव्हा सिद्धेशनं सगळं सांगितलं. काका काय म्हणाले, बाईनं काय लिहून घेतलं, आई काय म्हणते. एकही शब्द मऊ केला नाही. आजोबांनी 'शाळेत गणित शिकवायचे' इथपर्यंत शांतपणे ऐकलं. नाशिकच्या बाहेर गेला नव्हता, हे ऐकल्यावर कप टेबलावर ठेवला.

"माझी टोपी कुठाय?"

"अण्णा, बाहेर ऊन बघा. फोन करा हवं तर."

"हे फोनवर बोलायचं नाहीये."

आणि निघाले. सिद्धेश किल्ली घेऊन धावला. आजोबा फूटपाथवरून ताठ चाललेले आणि सिद्धेश बाजूनं गाडी रांगवत, काच खाली करून.

"आजोबा, बसा. हीट अॅडव्हायजरी आहे."

"उणे तीसमध्ये चाललोय मी."

"ते वेगळं होतं."

"हो, वेगळंच होतं. तिथं घाम आला की गोठायचा. गाडी पुढं घे, माझ्या अंगावर गरम हवा येतेय."

समोरच्या लॉनवर पाणी मारणाऱ्या बाईनं हात हलवला. दोघांनीही हलवला. इथं मरायला टेकलेला माणूसही शेजाऱ्याला हात हलवतो.

गॅरेजचं दार उघडंच होतं. गुरुदत्तकाका खुर्चीत बसून सिद्धेशनं टाकलेली मिसळ संपवत होते. आजोबांना बघून हसले. "ये एक्या. हा पोरगा चिडून गेला बघ."

"गुरू, आपल्या कॉलेजात तो बर्वे होता, त्याच्या बहिणीचं लग्न कशावरून मोडलं होतं, आठवतं?"

"हे काय मधेच?"

"आठवतं का?"

"तिच्या आईच्या पायावर कोड होतं. घरच्यांनी सांगितलं नव्हतं. मग कळलं."

"त्या बाईला लग्नाच्या चौकशीला लोक आले की आतल्या खोलीत बसवायचे. पाय झाकून. आपल्यालाच तेव्हा किती राग आला होता." आजोबांनी टोपी काढली. डोक्यावर घामाचे थेंब होते. "माझा रशिया तू कोडासारखा झाकलास."

"अरे, मी तुझ्या नातवासाठी..."

"माझ्या नातवानं लिहून दिलं होतं. त्याला लाज वाटली नाही. तुला वाटली."

काका उठले. त्यांचाही आवाज चढला. "लाज नाही, अक्कल. तुला इथलं काही माहीत नाही एक्या. तू आत्ता आलास. इथं रशिया म्हटलं की काय होतं ते मी बघितलंय. ऐंशीच्या साली आमच्या ऑफिसात..."

"तू बघितलं नाहीस. तू वाचलंस." आजोबांनी भिंतीकडे हात केला. "ही सगळी वाचलीस. रशियात होस्टेलवर पण असली कपाटभर होती. मी भाषा शिकायला तीच वाचायचो. त्यांच्यात तुमचा माणूस चोर, तुमच्यात त्यांचा माणूस चोर. आणि दोन्हीकडे आपला माणूस कोण असतो, सांग. टॅक्सीवाला. नाहीतर तिसऱ्या पानावरचं मढं. त्यांना आपण माणूस दिसलोच नाही कधी. पण तू तर आपला होतास ना?"

काकांनी भिंतीवरच्या पुस्तकांकडे बघितलं.

"विमान कोणाचं बनवत होतो मी? रशियाचं? आपलं बनवत होतो. शिकायला जिथं दार उघडलं तिथं गेलो. तू अमेरिकेत आलास, तुला तेल शिकवलं. मला तिकडे विमान शिकवलं. त्यात डाग कसला?"

"मला सगळं कळतंय रे," काका हळू आवाजात म्हणाले. "पण ती बाई बॅज घेऊन समोर बसली की..."

"मला पण बसवलं होतं समोर." आजोबा आता खुर्चीवर टेकले. दमले होते, पण थांबले नाहीत. "तिकडे आमच्याबरोबर एक दुभाष्या असायचा. भाषांतर कमी, चौकशी जास्त. निघायच्या आधी त्यानं एकेकाला विचारलं, अमेरिकेत कोणी ओळखीचं आहे? शेजारी आमच्या तुकडीतला प्रताप बसला होता, त्यानं टेबलाखालून पाय मारला. नाही म्हण. मी म्हटलं आहे. माझा रूममेट आहे. गुरुदत्त सामंत, ह्यूस्टन. पत्रं येतात त्याची. हे त्यानंच पाठवलेलं पेन आहे, असं म्हणून खिशातलं काढून दाखवलं."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या ट्रेनिंगच्या वेळी माझं नाव नव्हतं. माझ्या हाताखालची पोरं गेली, परत येऊन माझ्या वर बसली. मी ओझरलाच."

गुरुदत्तकाकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? दोस्त होतास. आहे म्हणून सांगितलं." आजोबा उठले, टोपी घातली. "तुला एवढंच सांगायचं होतं, की मला विचारलं होतं तेव्हा मी तुला शाळामास्तर केलं नाही."

आणि बाहेर पडले. या वेळी मुकाट्यानं गाडीत बसले. एसीचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि डोळे मिटले. सिद्धेशनं गाडी घराकडे वळवली. इतकी वर्षं तो त्या फोटोखालून ये-जा करत होता. त्या फोटोत परत जायला मिळालं नाही याची गोष्ट त्यानं आज ऐकली होती, आणि तीही कोणीतरी फोटो काढला म्हणून.

घरी गेल्यावर त्यानं पिठाच्या पिशवीमागून फोटो काढला, शर्टानं पीठ झटकलं आणि खिळ्यावर लावला. मीनाक्षी बघत होती. ती फक्त म्हणाली, "डावीकडे झुकलाय," आणि स्वतः येऊन सरळ केला.

मंगळवारी मिसेस ब्रॅनम आली. साठीची, चपटे बूट, केस मागे घट्ट बांधलेले. आत आली आणि आधी फोटोसमोर उभी राहिली.

"हे तुमचे आजोबा?"

"हो. मधले."

"आणि हा हात टाकलेला?"

"गेन्नादी. फॉर्मवर आहे."

ती बसली. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग पेन खाली ठेवलं. "तुमच्या शेजाऱ्यांनी वेगळं सांगितलं. तुमचे आजोबा शिक्षक होते, इथं यायच्या आधी भारताबाहेर गेलेच नव्हते म्हणाले. दोन्ही खरं असू शकत नाही."

"फॉर्म खरा आहे."

"मग ते असं का म्हणाले? त्यांना आठवत नसेल का?"

घ्या. आईनं तयार केलेलं वाक्य त्या बाईनंच ताटात वाढून पुढं ठेवलं. नुसतं हो म्हणायचं होतं. किचनमध्ये आईचा आवाज थांबलेला त्याला कळला.

"नाही," सिद्धेश म्हणाला. "त्यांना सगळं आठवतं. ते खोटं बोलले. माझं भलं करायला."

"माझ्याशी खोटं बोलून तुमचं भलं कसं होईल?"

"तेच मीही त्यांना विचारलं." आणि मग त्याला आवरलं नाही. "पण मॅडम, एक विचारू? माझ्या आजोबांना तिकडच्या लोकांनी अमेरिकेतल्या मित्राबद्दल विचारलं. तुम्ही त्या मित्राला आजोबांच्या रशियाबद्दल विचारलं. दोन्ही देशांकडे बॉम्ब किती, कुठं ठेवलेत, सगळं मोजून माहीत आहे. आणि दोन म्हातारे एका कॉलेजात होते याचीच भीती वाटते. याचा राग यायला नको का?"

मिसेस ब्रॅनमनं पेन परत उचललं. "राग येतो की नाही हे फॉर्मवर विचारलेलं नाही," ती म्हणाली. चेष्टा होती की काय, कळलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात गुरुदत्तकाका. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं आणि यांच्या अंगात लोकरीचा निळा ब्लेझर, मंडळाच्या कार्यक्रमाला घालतात तो. कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी सिद्धेशकडे बघितलंच नाही.

"मॅडम, मला माझं स्टेटमेंट दुरुस्त करायचंय."

ती लगेच उठली. अर्जदारासमोर ऐकता येणार नाही म्हणाली, आणि काकांना घेऊन मागच्या पोर्चवर गेली. सिद्धेश, आई आणि जिन्यावरून उतरलेले आजोबा, तिघं काचेतून बघत राहिले. आवाज येत नव्हता. काकांचे हात तेवढे दिसत होते. आधी छातीवर. मग दोन्ही हात जोडून कसलीतरी गाठ मारली. मग डोक्याला मुंडावळ्या बांधल्यासारखं केलं.

"काय सांगतोय हा?" आजोबा म्हणाले.

"लग्न समजावतायत," मीनाक्षी म्हणाली. "स्थळाची चौकशी."

बाहेर मिसेस ब्रॅनम एकदा लिहायची थांबली. चष्मा काढला. पुसला. परत घातला आणि परत लिहायला लागली. काका बोलतच होते. ब्लेझर काढला नाही.

आत आले तेव्हा त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. बाई सामान आवरून निघाली. दारात सिद्धेशला म्हणाली, दुरुस्ती नोंदली जाईल, स्वतःहून केली हेही नोंदलं जाईल, पण दोन जबाब असले की फाइल वर जाते, वेळ लागतो. किती, ते तिलाही माहीत नाही.

"हिनं पाणी घेतलं का रे?" काकांनी विचारलं.

"नाही."

"तरी मी म्हटलं." काका सोफ्यावर बसले. आजोबांनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांच्याकडे न बघताच आजोबा म्हणाले, "काढ तो कोट. मरशील." काकांनी काढला.

वेळ लागला. प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा सिद्धेशच्या जागेवर दुसरा मुलगा बसला. चांगला होता, हुशार होता, आणि त्याच्या आजोबांनी आयुष्यात कुठलंही विमान बनवलं नव्हतं. बॉस म्हणाला, फाइल सुटली की पुढच्या वेळी बघू. सिद्धेश जुन्या टेबलावर जुनेच सेन्सर तपासत बसला. घरी येऊन दार आपटायचा. खरं सांगून मला काय मिळालं, असं एकदा आईला म्हणाला, आणि आजोबा ऐकत होते हे त्याला मागाहून कळलं. त्यांनाही काही मिळालं नव्हतं.

एका शनिवारी तो परत मिसळीला गेला. गेला नसता, पण सुमेधाकाकूंनी दोनदा बोलावलं. गॅरेजच्या दाराशी पोचला तर काका फोनवर. पलीकडे पुण्याची कोणी बाई असावी, काका जोरात बोलत होते. तिकडून फोन आला की ते नेहमी जोरात बोलतात, अंतर लांब आहे म्हणून.

"हो हो, सिद्धेशच. चांगला ओळखतो ना. काय विचारायचंय, विचारा."

सिद्धेश दाराबाहेरच थांबला.

"पितो. शनिवारी दोन बिअर. मीच देतो... नोकरी आहे, पण मोठं काम अडकलंय त्याचं. का म्हणजे, माझ्यामुळे अडकलं. तो वेगळा विषय आहे, तोही सांगतो तुम्हाला... घरात आई आणि आजोबा. आजोबा इंजिनिअर. रशियात होते. हो, रशियात. विमानं बनवायचे, फोटो आहे भिंतीवर, पाठवू का?"

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. काकांनी ऐकून घेतलं.

"स्वभाव? चिडका आहे. मोठ्यांना बोलतो. म्हणजे मला बोलला." जरा थांबले. "बरोबर बोलला होता. अहो, ऐकताय ना? हॅलो?"

काकांनी फोन कानापासून लांब धरून बघितला. मग दाराकडे बघितलं, आणि सिद्धेश दिसला.

"कट केला रे," काका म्हणाले. "एक स्थळ गेलं तुझं."

"जाऊ दे," सिद्धेश म्हणाला, आणि पाव कापायला बसला.